पाच डबे

लाखनी, सोमवार, संध्याकाळ

चार दिवस वही उघडली नाही, माफी असावी. मन थाऱ्यावर नव्हतं. पोरानं, सुनीलनं, टीव्हीला कम्प्युटर जोडून दिला आणि नागपूरला गेला. स्पीकर मी निवडले. दुकानदार म्हणाला, "बाबाजी, दोनच घ्या." पण सुनीलच्या आईला कमी ऐकू येतं, म्हणून मी पाच डब्यांचा संच आणला. मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकात ठेवतात तसे पाचही समोर, ओळीनं मांडले. ती नुसती टीव्हीतल्या माणसाच्या ओठांकडे पाहत बसली. म्हणाली, "पाच डबे आनले जी, पन मानूस काय बोलून राहिला, मले काईच समजत नाई." आणि उठून स्वयंपाकघरात गेली. पाच डबे! मांडणी चुकली, की तिचे कानच गेले? दवाखान्यात न्यायची हिंमत होत नाही. सुनील, कान नाही, डबेच मांडायला चुकले, एवढं लवकर कळव रे बाबा.