सातव्या रकान्यातली माळ

सोम. ८ डिसें.
लेख परत आला. तिसऱ्यांदा. "नवीन काही नाही" म्हणे. कावीळ झाली की लोक आधी गळ्यात मंतरलेली माळ घालतात, ती लांबली की कावीळ उतरली समजतात, अन् लिव्हर पार खराब झाल्यावर आमच्या वॉर्डात येतात. हे कोणी तपासलंय आजवर? दोन वर्षं नागपूरभर, बुटीबोरी ते जरीपटका, पायपीट केली मी. हा छापून नाही आला तर प्रमोशन विसरा. आमचे विभागप्रमुख सर म्हणाले, "होऊन जाईल गं." लेखावर पहिलं नाव त्यांचं, घाई मात्र माझी एकटीची.

शुक्र. १२
एका जर्नलने छापण्याआधी तपासायला दुसऱ्या कोणाचा लेख पाठवलाय. विषय लिव्हरच. लेखकांची नावं झाकलेली. बरं वाटलं, आपल्यालाही कोणी विचारतं.

शनि. १३
वाचला. रुग्णांच्या नोंदींची माझी फाईल उघडून शेजारी ठेवली. रुग्ण तेवढेच, वयं तीच, रक्तातल्या बिलिरुबिनचे, म्हणजे काविळीचे, आकडे दशांशासकट तेच. माझेच! अन् सातवा रकाना. कोणी माळ घातली होती, ते त्यात. फाईलमध्ये मी 'माळ' इंग्रजीत लिहायची, MALA. या शहाण्याने त्याचं 'मलेरिया' केलंय! वर पानभर चर्चा, डासांसकट. आधी हसू आलं, मग रडू.

सोम. १५
माझा लेख परत करणाऱ्यांवर शक होता. पण माझ्या लेखात तर पहिल्याच पानावर माळ समजावलीय. ही चूक नुसती फाईल पाहणाऱ्याची. फाईल तिघांकडे: मी, सर, अन् आमची नर्स मंदाताई. चहा घेता घेता तिच्याजवळ विषय काढला.
"मॅडम, माह्यावर शक करून राहिल्या काय? माळ घातली काय, हे मीच तं इचारत होती लोकायले. मी मलेरिया काहून लिहीन?"
खरंच की. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.
मग उरलं कोण? नाही. सर नाहीत. सरांनी मला...

बुध. १७
संपादकांना मेल लिहायला घेतलं. "ही आकडेवारी माझी आहे" इथवर आले. पुढे कोणाचं नाव घालू?

शुक्र. १९
दुपारी सरांच्या केबिनमध्ये. डबा उघडून बसले होते, ठेच्याचा वास. "ये, आधी दोन घास खा." पोळी पुढे केली. घेतली मी.
सहजच विचारल्यासारखं विचारलं, "सर, आपल्या फाईलमधलं ते MALA म्हणजे काय हो?"
"मलेरिया. काहून गं?"
उरलेली पोळी डब्याच्या झाकणात ठेवली. "काही नाही सर."
म्हणजे एकतर माझं काम त्यांनीच कोणाला तरी दिलं. नाहीतर चोर कोणी वेगळाच, अन् ज्या लेखावर पहिलं नाव त्यांचं, ज्यावर तीनदा सही केली, त्याचं पहिलं पानही त्यांनी वाचलेलं नाही.
यातलं कोणतं खरं निघावं, हेच मला कळत नाहीये. जर्नलला उत्तर सोमवारपर्यंत द्यायचंय. मेल अजून तिथंच अडलंय.