लोकरीचा स्वेटर

सूनबाई,

चिमणी जेवून झोपली आहे. शेजारच्या काकू तिच्याजवळ बसल्यात. मी डॉक्टरांकडे जाऊन येतो.

आज नदीवर तिला गळाला माशांना भुलवणारी पिसांची खोटी माशी बांधायला शिकवत होतो. मध्येच म्हटलं, “उन्हात मासे धरायला जाताना काय घालायचं, सांग बरं.” घडाघडा म्हणाली, “फिकट, सैल, पूर्ण बाह्यांचा सदरा, मोठ्या काठाची टोपी, मानेला ओला रुमाल. मग आजोबा, तुम्ही स्वेटर का घातलाय?”

खाली पाहिलं. लोकरीचा स्वेटर, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. घामाने निथळत होतो आणि मला पत्ताच नव्हता. कधी घातला, अजून आठवत नाही. पायाखालची वाळू सरकली गं.

ती मात्र टाळ्या पिटत होती. “तुम्ही माझी परीक्षा घेताय! मी घरातच ओळखलं होतं!” मी हो म्हणालो. तिला शाबासकी दे, बाकी काही सांगू नकोस.

यापुढे तिला माझ्याबरोबर एकटीला पाठवू नकोस. रविवारी तूही चल. निघताना माझे कपडे बघ. गळ टाकायला तुलाही शिकवतो. आता उशीर करून चालणार नाही.

— बाबा