चाळीस जोड बूट

३ नोव्हेंबर
इरावतीचा पूर ओसरला, पण खालच्या शेतांत चिखल आहेच. आरोग्य खात्याकडून आलेले चाळीस जोड रबरी बूट मी घरोघर पोचवले — आज बांधावरून पाहिलं तर घातलेत फक्त पुरुषांनी. बायका वाकून भात कापताहेत, पाय उघडे. आणि घोणशी तिथेच, पेंढ्यांखाली. त्यांतल्या मा सेइन म्याला हटकलं. "घालते हो, सयामा," म्हणाली — गावात नर्सबाईंना सयामाच म्हणतात — आणि हसली. कपाळ माझं.

४ नोव्हेंबर
सेइन म्याचे बूट दाराशी पडलेत. एकात कोंबडीने अंडं घातलंय.

७ नोव्हेंबर
व्हायचं तेच झालं. दुपारी सेइन म्याला डाव्या घोट्याखाली घोणस चावली. मी पोचले तेव्हा तिच्या नवऱ्याने, को बा ठ्वेने, लुंगी फाडून पोटरी करकचून आवळलेली. वैदू ऊ पो चित ब्लेड घेऊन बसलेला. ते हिसकावून घेतलं.

"इतकी वर्षं आम्ही काय गवत उपटत होतो?" वैदू फणकारला.

जखमेला हात लावू दिला नाही. आवळलेली पट्टी डॉक्टरांसमोरच सोडायची म्हणून तशीच ठेवली. पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या, एक पाऊल चालू दिलं नाही, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून इस्पितळात नेलं. पाऊल सुजून टम्म. हिरड्यांतून रक्त. डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेतलं — वीस मिनिटं झाली तरी गोठेना. लगेच प्रतिविष सुरू केलं.

बूट घातले असते तर! डोक्यात दुसरं काही नाही.

९ नोव्हेंबर
लघवी जवळजवळ बंद. मूत्रपिंडं. को बा ठ्वे व्हरांड्यात उकिडवा बसलेला. त्याच्यावर खेकसले — बायकोला एवढंही सांगता येत नव्हतं?

१४ नोव्हेंबर
लघवी सुटली. वाचली. पेजेचे चार घोट घेतले तिने. मग विचारलंच, बूट का नाही घातलेस?

म्हणाली, "तुम्ही एवढ्या हौसेने आणलेत, कसं सांगायचं? सगळे बाप्यांच्या मापाचे आहेत, सयामा. गावात एकीलाही बसत नाहीत."

१५ नोव्हेंबर
आजवर मी ते एकदाही घालून पाहिले नव्हते. आज तिचे बूट घालून तिच्या शेतात उतरले. सातव्या पावलाला पाय वर आला, बूट चिखलातच राहिला.