सव्वा मूठ, भाग पहिला

पिंप्राळा, जळगाव
शनिवार, २३ ऑगस्ट २०२५
(पोळ्याचा दुसरा दिवस)

ती. सौ. सुनंदावहिनींस,

लीलाधरचा साष्टांग नमस्कार. नानांना आज फक्त तुमच्यामार्फत मनातल्या मनात नमस्कार, कारण ही चिठ्ठी त्यांच्या हातात पडू नये असं ऋतिकाला बजावून सांगितलंय. सोमवारी अमळनेरचे कॉलेजचे तास आटोपले की ती गावी येईल आणि थेट तुमच्याच हातात देईल. तिला उपाशी परत पाठवू नका. राग माझ्यावर आहे, माझ्या लेकीवर नाही, असं मी धरून चाललोय.

इकडे सगळे ठीक. डिंपलचा गुडघा दुखतो, जीभ उत्तम चालते. कॉलनीतल्या खड्ड्यात काल पुन्हा एक रिक्षा कलंडली. पोळ्याला पुरणपोळी झाली, पण खापरावरची तुमच्या हातची नव्हे, तव्यावरची.

कानबाईच्या सणापासून तुम्ही माझा फोन उचलला नाही. म्हणून कागद घेतला. कागदाचं एक बरं असतं, तो अंगठ्यानं वर सरकवता येत नाही. चुलीत घालता येतो, ते वेगळं.

धंदा विचाराल तर जोरात आहे. लग्नाच्या शूटिंगची पाटी उतरवून 'डिजिटल सल्लागार' अशी लावली, हे तुम्हाला माहीत आहे. डिंपल म्हणते, "घरात कुणी तुमचा सल्ला घेत नाही, म्हणून बाहेर विकता." लोकांचा अंगठा थांबवायचा, एवढंच माझं काम. पहिल्या तीन सेकंदांत गळ लागला तर लागला, नाहीतर माणूस पुढच्या व्हिडिओत, कुणाच्या तरी कुत्र्याचा वाढदिवस बघत बसलेला.

आमच्याकडे कौतिकभाऊ येतात, भरीत पार्टीवाले. भला माणूस. कॅमेरा सुरू झाला की हात जोडायचे, गावाचं नाव सांगायचे, आईवडिलांचे आभार मानायचे. मी म्हटलं, "कौतिकभाऊ, तुमचे आभार संपेपर्यंत लोक जेवून झोपले. आधी वांगं फोडा." आता पहिल्याच क्षणी कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळात वांगं फट्कन फुटतं आणि कौतिकभाऊ ओरडतात, "ही एक चूक करता, म्हणून तुमचं भरीत कडू होतं!" कोणती चूक? ते शेवटी. खरं सांगू का, ते शेवटीही नसतं. कौतिकभाऊंनाच ठाऊक नाही, त्यांचं भरीत कधी कडू झालेलंच नाही.

पण लोक बसतात. प्रश्न उघडा टाकायचा आणि उत्तर मुठीत दाबून ठेवायचं, सगळी विद्या एवढीच. मी ती शिकवतो. माझ्या क्लासला एक दाताचा डॉक्टर येतो, केळीच्या रोपांचा एक व्यापारी येतो, आणि एक कीर्तनकारही येऊन गेले.

मधे उठून चहा ठेवला. उतू गेला. पुन्हा बसतोय.

वहिनी, तुमच्या आणि नानांच्या लग्नाची कॅसेट आठवते? मी नवा कॅमेरा खांद्यावर घेऊन मांडवभर नाचत होतो, आणि तुमच्या पाठवणीत तुमच्यापेक्षा मीच जास्त रडलो, म्हणून तेवढं चित्र हललेलं आहे. तीन तासांची कॅसेट. अख्ख्या गल्लीनं ती आपल्या ओसरीवर बसून पाहिली. अर्धा तास नुसती पंगत, आणि एक माणूस उठला नाही. तेव्हा मला वाटायचं, काय माझी कला! कला कसली? जो तो आपलं तोंड कधी येतं याची वाट पाहत बसलेला असायचा. आपण त्यात आहोत की नाही, एवढंच माणसाला पाहायचं असतं. हे मला आत्ता, या वयात, या महिन्यात कळलं.

कसं कळलं, तेच लिहायला बसलोय, आणि बघा, दोन पानं वांग्यावर घालवली.

तर कानबाई. तुम्ही रागावलात ते तुमचे डोळे भरून आलेले लाखो लोकांनी पाहिले म्हणून, असं मला ऋतिकाकडून कळलं. शेजारच्या यशोदाबाईंनी तुम्हाला मोबाइल दाखवला म्हणे, "तू तं मोठी हिरोईन झायी!" म्हणून. त्यांच्या जिभेला औषध नाही. पण व्हिडिओ मी टाकला, त्यांनी नाही. तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात, "लीलाधरभाऊ, आते बंद करा ते डबडं." मी हसलो आणि चालू ठेवलं.

बाहेरच्या लोकांसाठी मी खाली लिहिलं होतं, की आमच्या खानदेशात कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात. कर्ता माणूस नाव घेतो, घरची बाई मूठ टाकते. ते रोट घरच्यांनीच खायचे, पौर्णिमेच्या आत संपवायचे. हे सगळं खरं लिहिलं. खोटं एक अक्षर नाही. मी खोटं कधी बोलत नाही वहिनी, मी फक्त कापतो.

नाना भिंतीला टेकून नावं घेत होते. तोताराम, स्वतःचं. मग लीलाधर. माझ्या नावाची मूठ परातीत पडली तेव्हा मीसुद्धा क्षणभर कॅमेऱ्यामागून बाहेर आलो, इतकं बरं वाटलं. मग तुमचा हात डब्यात गेला आणि गव्हातच थांबला.

गेली दोन वर्षं नाना पुढचं नाव घेत नव्हते. तुम्हीच ते मनात घेऊन मूठ टाकायचात आणि आम्ही बठ्ठे देव्हाऱ्याकडे पाहायचो. पोलीस भरतीत तिसऱ्यांदा हुकून आला त्या दिवशी नाना प्रेमराजला जेवता जेवता बोलले होते, "या घरात तुझ्या नावाचा दाणा नाही." भरलं ताट ठेवून उठला तो. त्यानंतर त्याचं तोंड आपण कुणी पाहिलेलं नाही.

या वर्षी तुमचा हात थांबला, डोळे भरले, तुम्ही नानांकडे पाहिलं. मी तिथं कापलं. काळा पडदा, वर पांढरी अक्षरं: 'रुसून गेलेल्या मुलाच्या नावाची मूठ आईनं घेतली का? भाग दुसरा रविवारी.'

सोमवारी टाकला, मंगळवारी दोन लाख लोक पाहून गेले. खाली नुसता ओरडा. घ्या हो आई! नका घेऊ, माज उतरू दे! भाग दुसरा कधी? दाताच्या डॉक्टरांनी पेढे आणले. मी रविवारपर्यंत लोकांना तसंच टांगून ठेवणार होतो. तापू द्यायचं, हे मीच शिकवतो ना?

पुन्हा उठलो होतो. गच्चीवर जाऊन आलो. डिंपल म्हणाली, "अंगात काय शिरलंय आज तुमच्या?" तिला माहीत नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगतोय.

बुधवारी त्याच व्हिडिओखाली मला निरोप आला. जसाच्या तसा लिहितो. "काका, आईचा हात थांबला तो पाहिला. नाना गप्प होते तेही पाहिलं. रोट संपायच्या आत घरी येणार होतो, शुक्रवारचं तिकीट काढलं होतं. रद्द केलं. बरं झालं, दाखवलंत."

वहिनी, तो येणार होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, त्याला नाही, माझ्या दोन लाख लोकांनाही नाही. तुमचा हात थांबल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग नानांचा घसा खाकरल्याचा आवाज आला आणि ते म्हणाले, "प्रेमराज." थांबले, आणि पुन्हा म्हणाले, "प्रेमराज तोताराम." तुम्ही डबा कलंडेल इतकी मोठी मूठ भरून घेतली. तेवढं सगळं माझ्याकडे होतं. ऐकताना मीही बाहीनं डोळे पुसले, आणि त्याच वेळी डोक्यात आलं, हे रविवारी चालेल.

मी लगेच उत्तर लिहिलं. तोवर त्यानं खातं बंद केलेलं. दुसरा भाग त्याच संध्याकाळी टाकला, काहीही न कापता. लोक चौथ्या सेकंदाला उठून गेले. एक बाई गप्प बसलेली, यात पाहण्यासारखं काय आहे? मग दोन्ही भाग काढून टाकले. त्याच्यापर्यंत त्यातलं काही पोचलं असेल असं मला वाटत नाही.

तो सुरतेला आहे. निरोप आला तेव्हाच त्याच्या खात्यावरचा एक जुना फोटो मी उतरवून घेतला होता, उधन्याला एका साडी पॅकिंगच्या गाळ्यासमोरचा, मागची पाटी स्वच्छ वाचता येते. गेल्या मंगळवारी सुरतच्या गाडीत बसलोही होतो. नंदुरबारला उतरलो आणि दुसऱ्या फलाटावरून परत आलो. काय सांगणार होतो त्याला? मोबाइलमध्ये नानांचा आवाज आहे, तो ऐकवला तर पोरगं म्हणेल, "काका, हे पण जोडलंत ना तुम्ही?" आणि त्याचं काय चुकलं?

तो दोन लाखांतला एकटाच खरा पाहणारा होता. बाकीच्यांना उत्तर हवं होतं, त्याला आपण त्यात आहोत का, एवढंच पाहायचं होतं.

नानांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मला काय शिक्षा द्यायची तेही. फक्त लवकर सांगा, मला एका जागी बसवत नाही.

आपल्या परातीत पुढच्या साली आपल्या नावाचे गहू पडतील का, हे विचारायचं तोंड न उरलेला,

लीलाधर


सोमवार

लीलाधरभाऊंस,

ऋतिका शेवभाजी खातेय तोवर लिहिते. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे, लावून वाचा.

चिठ्ठी दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा तुम्ही समोर असतात तर उलथनं फेकून मारलं असतं. दुसऱ्यांदा वाचत होते तेव्हा नाना शेतातून आले. म्हणाले, "काय शे ते?" मी म्हटलं, "बसा, वाचून दाखवते." तुम्ही नको म्हटलं होतं, पण आपल्या घरात अर्धं दाखवून अर्धं ठेवायची रीत नाही.

वांग्याचं वाचलं तेव्हा हसले. तिकिटाचं आलं तेव्हा पाणी मागितलं. मग कितीतरी वेळ खुंटीकडे बघत राहिले. मला वाटलं आता तुमचं काही खरं नाही. पण उठले, धुतलेला सदरा काढला आणि विचारलं, "सुरतनी गाडी कव्हय शे?"

मी म्हटलं, तुमचा आवाज आहे लीलाधरभाऊंच्या फोनमध्ये. तर म्हणाले, "फोन नको. त्याच्यासमोर उभा राहून नाव घेतो."

एक तुमचं चुकलं. तुम्ही लिहिलं हात थांबला, डोळे भरले. तुमच्या लोकांना वाटलं, घेऊ का नको, असं माझ्या मनात आहे. तसं नव्हतं. नावाची वाट पाहत होते. दोन वर्षं मीच मनातल्या मनात घेतलं, या वेळी ठरवलं होतं, त्यांच्या तोंडून आल्याशिवाय हात उचलायचा नाही. मला मागच्या श्रावणापासून थांबता आलं, तुमच्या माणसांना चौथा सेकंद निघाला नाही.

उद्या सकाळच्या गाडीत जळगावहून तुम्ही बसा. दोन जागा धरा, आम्ही अमळनेरला चढतो. गाळ्याची पाटी कागदावर उतरवून आणा. डबडं घरी ठेवा, दिसलं तर खिडकीतून टाकीन. रोट तर संपले, मी खापर तापवून मांडे करून घेते, वाटेत लागतील. तुम्हालाही देईन, उपाशी माणूस फार बोलतो.

तिकडे पोचल्यावर तुम्ही काही सांगायचं नाही. मागे उभं राहायचं. तो आला नाही तरी चालेल, पण त्यानं सगळं ऐकलं पाहिजे.

तुमच्या नावाची मूठ पुढच्या साली पडेल की नाही, ते आज सांगत नाही. श्रावणात या, परातीशी बसा आणि शेवटपर्यंत पाहा.

प्रेमराजची आई,
सुनंदा