‘शांत झोपले’

प्रिय सिर्पा मावशी,

माझ्या शुद्धलेखनाला हसू नकोस, आणि पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. एका बोटाने टाइप करतेय. वृद्धाश्रमात दिवसभर कॉम्प्युटरसमोर असते खरी, पण तिथे नुसत्या राहून गेलेल्या नोंदी शोधायच्या असतात: कुणाला पाणी दिलं, कुणाची कूस बदलली. शाळा सोडलेल्या मुलीला तेवढं जमतं. हे काम तूच मिळवून दिलंस.

तू रजा घेऊन यायची थांबलीस, तर तुझ्या जागी तात्पुरती एक नवी आलीय. कॉफी इतकी पातळ करते की लेम्पी आजी म्हणते, "अगं बाई, हिच्यात कॉफी घातलीस की नुसती दाखवलीस?" तुझी आठवण सगळे काढतात.

ताउनो आजोबांची खोली अजून रिकामी आहे. कुणी घेईना. माणूस गेलं की आपण लगेच खिडकी उघडतो, जीव बाहेर जावा म्हणून. त्यांची उघडली ती थेट सकाळी. लेम्पी आजी त्या दारावरून जाताना काठी आपटते, "ए ताउनो, जा की बाबा आता! कुणाची वाट बघतोस?" बाकीचे हसतात. मला नाही हसू येत. परवा त्या खोलीतली मदतीला बोलवायची घंटा वाजली. आत कुणी नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, वायर ओली झाली असेल. असेल.

आजोबा गेले त्या संध्याकाळचं मला ठाऊक आहे मावशी. अख्ख्या मजल्यावर तू एकटी होतीस. लेम्पी आजी न्हाणीघरात पडली, तू तिला धरून बसलीस. मग पाळी संपताना घाईत सगळ्यांच्या नावापुढे आदल्या दिवसाचीच ओळ उचलून लावलीस. "पाणी प्यायले, शांत झोपले." सगळेच करतात. कायसाबाई मॅनेजर असून त्यांनी मलाही तेच शिकवलंय, वेळ वाचतो म्हणून. ती ओळ वाचून रात्रपाळीच्या बाईने दार उघडलं नाही, झोपमोड नको म्हणून. आजोबा खुर्चीत होते, पायात बाहेरचे बूट. डॉक्टर म्हणाले, रात्रीच्या जेवणाआधीच गेले होते. उन्हाळ्यामुळे हल्ली रात्रीही सूर्य मावळत नाही, डोळे मिटले तरी आत उजेडच असतो, आणि त्या उजेडात ती ओळ.

त्यांची मुलगी हेल्का गुरुवारी येतेय. वडिलांच्या सगळ्या नोंदी मागितल्यात तिने. फोन मीच उचलला. "बाबा झोपेतच गेले ना गं?" मी फक्त गुरुवारची वेळ लिहून घेतली. काल कायसाबाईंनी बोलावलं. "पिहला, ती ओळ तेवढी काढून टाक. सिर्पाचं भलं, आपलंही भलं." तुला माहितीय, मला कुणाला नाही म्हणता येत नाही. काल ‘नाही’ म्हटलं. मान खाली घालून, पण म्हटलं.

म्हणजे ती ओळ हेल्काच्या हातात जाणार. तुझी नोकरी कदाचित जाईल, आणि ती माझ्यामुळे जाईल. म्हणून लिहितेय. तिने वाचायच्या आधी तू तिला भेट. बाबा एकटे होते हे तिला कागदावरून नको कळायला, तुझ्या तोंडून कळू दे. तू तेव्हा कुठे होतीस तेही सांग. मी येते बरोबर. बोलता येणार नाही मला, पण शेजारी बसेन.

तुझीच,
पिहला

ता. क. अगं, आत्ता एक भलंमोठं एल्क हरीण समोरच्या बेटावरून तळं पोहून आलं आणि आपल्या सौनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर उभं राहून अंग झटकतंय!