झाकण कापायचं राहिलंय

प्रिय धाकट्या,

हे पत्र एकट्यानं वाच. आईनं विचारलंच तर दादाला बिजागऱ्या हव्यात म्हणून सांग. फोन केला असता, पण तुमच्याकडे घंटी वाजली की तुझ्याआधी तीच पोचते. नजर गेल्यापासून तिचे कान किती तिखट झालेत, ते तुला मी काय सांगायचं!

तिची पेटी सुरेख झाली आहे. उगाच विनय कशाला? चारी बाजू त्या परदेशी कोकोबोलोच्या. नाव ऐकून चॉकलेट आहे का, असं विचारलं होतंस. आता बघशील तर गप्प बसशील. निखाऱ्यावर कुणी काळ्या शाईनं रेघा ओढाव्यात, तसं लाकूड आहे. सगळ्या बाजू एकाच फळीतून काढल्या, म्हणून रेघा कोपऱ्यावरून वळून पुढे जातात. चौथ्या कोपऱ्यात त्या तुटतातच. तो कोपरा मागे घेतलाय. कोपऱ्यांत काळ्या आबनुसाच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या, वर मेपलची फिकट किनार. दिवसभर चष्म्याची भिंगं घासणाऱ्या माणसाचं काम आहे, सांध्यात कागदसुद्धा जाणार नाही. तू रीतसर शाळेत सुतारकाम शिकलास, मी पुस्तकं वाचून आणि लाकडं वाया घालवून. तुझ्या कारखान्यात मला ‘हौशी कलाकार’ म्हणतात, हे तुझ्याच फोरमननं मला सांगितलं. असू दे.

पेटी अजून बंद आहे. बंद म्हणजे सहाही बाजूंनी चिकटवलेला ठोकळा. झाकण वेगळं करून बसवलं असतं तर झाकणाच्या आणि पेटीच्या रेघा जुळल्या नसत्या. म्हणून आधी पूर्ण बंद करायची आणि मग चारी बाजूंनी कापून झाकण मोकळं करायचं. एकदाच कापायचं. करवत केसभर भरकटली तर चौथ्या बाजूचा काप पहिल्या कापाला भेटत नाही, आणि मग घासत बसलं की झाकण डुगडुगतं. दुसऱ्या कुणाला ते दिसणारही नाही. पण आई बघत नाही, बोट फिरवते.

माझी सर्दी बरी आहे, असं मी मागे कळवलं होतं. ती सर्दी नव्हती. हे लाकूड आणल्यापासून मनगटांना खाज सुटायची, सकाळी डोळे सुजलेले असायचे. मी खिडकी उघडी ठेवली, मास्क बांधला आणि घासत राहिलो. शेवटचा हात फिरवत असताना घसा आतून कुणीतरी आवळला. मला हाक मारता येईना. हातोडी खाली टाकली, तिच्या आवाजानं तुझी वहिनी धावत आली म्हणून आज लिहितोय. इस्पितळात शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या लाकडाचा भुसा तुमच्या अंगानं शत्रू म्हणून ओळखलाय, पुढच्या वेळी घरापासून इथपर्यंत पोचाल याची खात्री मी देत नाही. मी म्हटलं, फक्त एक काप राहिलाय, चांगला मास्क लावून घेतो. त्यांनी विचारलं, मग आलात तेव्हा तोंडाला काय बांधलं होतं?

वहिनीनं कामाच्या खोलीला कुलूप घातलंय. तिनं पेटी ओल्या फडक्यानं पुसून बाहेरच्या कठड्यावर ठेवली आणि मला बजावलं, अहो, सासूबाईंना पेटी द्यायची आहे की तुमचा फोटो, ते एकदा ठरवा. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

परवा दुपारी ती बाजारात गेली. किल्ली पिठाच्या डब्यामागे असते, हे मला ठाऊक होतं. करवत काढली, पेटी कठड्यावरच पक्की आवळली, पात्याचे दात आखलेल्या रेघेवर टेकवले. अजून कणभरही भुसा पडला नव्हता आणि छातीत शिट्टी वाजू लागली. भीतीची की खरी, ते मला कळेना. आणि तेवढ्यात फोन. आई. पेटी झाली का रे? मी म्हटलं, झालीच. ती म्हणाली, शिट्टी कोण वाजवतंय? मी म्हटलं, किटली. मग ती म्हणाली, मला घाई नाही, बरं का. आणि फोन ठेवला. धाकट्या, तिला घाई नाही असं ती आयुष्यात कधी म्हणाली आहे का?

करवत जागेवर ठेवली. वहिनीला सगळं सांगितलं, आणि जे ऐकायचं ते ऐकून घेतलं.

म्हणून हे लिहितोय. शनिवारी ये, तुझी बारीक दातांची करवत घेऊन ये. पेटी घराबाहेर ने, कठड्यावर नको, वारा आत येतो. कापताना मी खिडकीत उभा राहणार नाही, वहिनी राहूही देणार नाही. कुठल्या बाजूनं सुरुवात करायची, पातं कसं धरायचं, हे सगळं मी दोन पानं भरून लिहिलं होतं. ती पानं फाडली. पेटीवर झाकणाची रेघ आखली होती, तीही आज खोडरबरानं पुसली. तूच आख.

तुझाच,
दादा