बत्तीस नंबरची पुतणी

रोहा, गुरुवार

आदरणीय अर्शदभाईजान यांस धाकट्या कमरुद्दीनचा मनापासून सलाम.

इकडे अल्लाच्या कृपेने सगळे बरे आहेत. तुमची शुगर आणि मस्कतचा उन्हाळा दोन्ही आटोक्यात असतील, अशी आशा करतो. फोन सोडून पत्र का लिहितोय, असं वाटेल. माझे व्हॉइस मेसेज तुम्ही भाभींना पुढे पाठवता आणि भाभी ते सगळ्यांसमोर मोठ्याने लावतात. (गेल्या खेपेला माझ्या मूळव्याधीची बातमी पार निडी गावापर्यंत पोहोचली.) हा मजकूर तुमच्या मुलीबद्दल आहे, म्हणून पाकीट बंद करून शेजारच्या मुआजच्या हाती देतोय. तो रजा संपवून परवा तिकडे निघालाय.

भाईजान, अक्साला तिकडे बोलावून घ्या. मी तिच्यावर जळतो असं हफ्सा म्हणते. बायकोच ती, काहीही म्हणेल. पण तीस वर्षं रोह्यापासून पेणपर्यंत एसी आणि फ्रीज दुरुस्त केले ते मी, आणि आता जुम्याच्या नमाजीनंतर लोक माझा हात धरून विचारतात, "कमरुद्दीनभाय, अक्सा घरी हाय का?" मी कसा आहे हे कोणी विचारत नाही. आणि हे सगळं कशामुळे, तर गॅसमुळे! मी ज्याच्यावर संसार केला तो एसीतला बावीस नंबरचा गॅस सरकार हळूहळू बंद करतंय. आभाळाला त्याने इजा होते म्हणे. नव्या मशिनी आता बत्तीस नंबरच्या येतात. त्या गॅसला ठिणगी चालत नाही, जुना गॅस त्यात मिसळून चालत नाही, आणि अक्साने पनवेलला जाऊन त्याचं सर्टिफिकेट घेतलंय. (फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. माझ्या हजच्या फोटोच्या वर.)

आता मंगळवारचं ऐका. पेणच्या विमलबाई माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांचा गणपतीचा कारखाना आहे, आणि वर राहत्या घरात एसी. नवी मशीन गेल्या दिवाळीत मीच बसवली. गॅस आतच भरलेला येतो, त्यामुळे नंबर बघायची वेळ आली नव्हती. ती गार करेना म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी बाटली घेऊन स्टुलावर चढलो आणि नळी जोडणार, तेवढ्यात खालून बाई म्हणाल्या, "भाय, मशिनीवर बत्तीस लिवलंय नि तुमच्या बाटलीवर बावीस हाय."

मी म्हटलं, "दहाचा तर फरक आहे, बाई."

हे बोलायला नको होतं. बाईंनी माझ्यासमोरच अक्साला फोन लावला. ती येईपर्यंत दीड तास मी सोफ्यावर बसून होतो, भाईजान. मेकॅनिक असून मेकॅनिकची वाट बघत. बाईंनी चहा दिला, बिस्किटं दिली, वर पंखाही लावला. दवाखान्यात आलेल्या माणसासारखं वाटलं.

अक्सा आली ती पाठीवर पंप आणि हातात वजनाचा काटा घेऊन. आल्या आल्या तिने देव्हाऱ्यातली उदबत्ती बाहेर ठेवायची विनंती केली, खिडक्या उघडल्या, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "चाचा, बिडी गॅलरीत नको, खाली रस्त्यावर." मी खाली गेलो. परत आलो तर ती उरलेला गॅस रिकाम्या बाटलीत ओढून घेत होती. आम्ही तो तीस वर्षं पेणच्या आभाळात सोडत आलो, आभाळाने एका शब्दाने तक्रार केली नाही. मग तिने पाइपाच्या सांध्याला साबणाचं पाणी लावलं. गळतीचा टपोरा फुगा आला. तो सांधा मीच जोडलेला होता.

विमलबाईंनी विचारलं, "कोणाची चूक गो?" अक्सा मशिनीतच बघत म्हणाली, "कोणाची नाय. हादऱ्याने ढिला होतो कधी कधी." सांधा तिने नवा केला, पंपाने हवा ओढली, काट्यावर तोलून गॅस भरला. मी अजून पाइपाला हात लावून गारवा ओळखतो, आणि ही सोनारासारखी ग्रॅम मोजते! दहा मिनिटांत खोली अशी गार झाली की बाईंनी पदर अंगभर घेतला.

तिने माझी चूक उघडी केली असती तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं. तिने लाज राखली, याचंच मला जास्त लागलं. परतीच्या गाडीत नागोठण्यापर्यंत मी बाटलीवरचा बावीसचा आकडा हाताने झाकून बसलो होतो. शेवटी तीच म्हणाली, "चाचा, साबणाच्या पाण्याचं तुम्हीच शिकवलंत मला. कोर्समध्ये सगळ्यात आधी मीच गळती पकडली."

म्हणून म्हणतो, तिला तिकडे बोलवा. मस्कतला उकाडा जास्त, एसी जास्त, पोरीचं भलं होईल.

तुमचा धाकटा,
कमरुद्दीन

ता. क. एवढ्यात मात्र बोलावू नका. पुढच्या महिन्यात पनवेलच्या त्याच कोर्सला मी नाव घालतोय. शेवटी लेखी परीक्षा आहे, आणि मी शेवटची परीक्षा दिली ती दहावीची, तीही अर्धी. अक्साला फोन करून, जणू तुमच्याच मनात आलं असं दाखवून सांगा, "चाचाला जरा नव्या गॅसचं समजावून दे." माझं नाव येता कामा नये.

ता. क. दुसरा: वरचा फोन करू नका. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात अक्सा पाणी प्यायला आली. टेबलावरचा कोर्सचा फॉर्म तिने उचलला, वाचला, उलटा चिकटवलेला माझा फोटो सोडवून सरळ लावला, आणि जाता जाता म्हणाली, "उद्या सकाळी सातला बसू, चाचा. वही नवी आणा."